बावीस मिलिमीटर

आमच्या घरात वर्षातून एक आठवडा असा येतो, की मला शिंकायचीही चोरी होते. सूनबाईची वैद्यकीय तपासणी जवळ आलेली असते. आमची ही, म्हणजे माझी बायको, मला दारात अडवून सांगते, "शिंक आली तर अंगणात जा." तळलेलं बंद, जागरण बंद, वाद तर साफच बंद, कारण वादाने सूनबाईचा रक्तदाब वाढतो म्हणे. माझा वाढतो त्याचं कुणाला काही नाही. सर्दी झाली तरी सूनबाई मनाने गोळी घेत नाही. वैमानिकाने कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, याचेही नियम असतात. डोळे, कान, हृदयाचा आलेख, सगळं बघून डॉक्टर शिक्का मारतो. तो शिक्का नसेल तर कपाटातलं लायसन्स नुसता कागद.

आणि एवढ्यावर भागत नाही. दर सहा महिन्यांनी परीक्षक शेजारी येऊन बसतो आणि विमान वर गेलं की एक इंजिन बंद पडल्याचं नाटक करतो. मग आमची सूनबाई ते खरंच बंद पडलंय असं धरून विमान उतरवून दाखवते. मी चव्वेचाळीस वर्षं सुतारकी केली. दर सहा महिन्यांनी येऊन मला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, अजून खिळा ठोकता येतो का तुला? विचारलं असतं तर ठोकूनच दाखवला असता, पण कुठे ते सांगत नाही.

तर हे लायसन्स सांभाळण्याचं झालं. मिळवतानाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात माझं तोंड काळं झालेलं आहे. मीच सांगतो, म्हणजे दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा फ्लाइंग क्लबात काउंटरवर नोकरी करत होती. कोण किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, याची नोंद ठेवायची. सहा वर्षं तिने दुसऱ्यांची उड्डाणं लिहिली. मग एका रविवारी जेवताना म्हणाली, "मला शिकायचंय." मला वाटलं, शिवणकाम. म्हटलं शिक की, चांगलं आहे. ती म्हणाली, "विमान, बाबा." माझा घास हातातच राहिला. माझा मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो, बोलण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. तो म्हणाला, "बरं." एवढंच. आमची ही म्हणाली, "मग सकाळचा चहा कोण करणार?" आणि मुलगा म्हणाला, "मी." विषय संपला. मी आपला शिव्या घालायला तोंड उघडून बसलो होतो, मला कुणी विचारलंच नाही.

मी दोन महिने फुगून होतो. माझा स्वभावच तसा आहे. पण एकदा पाहिलं, तर सूनबाई मागच्या खोलीत खुर्चीवर बसलीय, डोळे मिटलेत, आणि हात हवेत कशाकशाला लावतेय. मला म्हणाली, "बाबा, विमानातली बटणं डोळे झाकून सापडली पाहिजेत. सराव करतेय." हवेत? हवेत कसला सराव? मला ते बघवेना. मी क्लबात गेलो, विमानात बसून सगळं मापून आणलं आणि आठ दिवसांत प्लायवूडची अख्खी बैठक उभी केली. दांडा पुढेमागे होणारा, पायाखाली पेडल, सगळी बटणं जागच्या जागी. क्लबातले मास्तर, तिला शिकवणारे, ते बघायला घरी आले. त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला आणि तो बरोबर दिव्याच्या बटणावर पडला. म्हणाले, "काका, एक केसभर फरक नाही." मी म्हटलं, "नसतोच."

हा माझा माज होता, आणि मी तो कधी लपवला नाही. साधारण हा शब्द मला खपत नाही. साधारण तीन फूट म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दारातून परत पाठवलेलं आहे. माझ्याकडे एक मीटरची पोलादी पट्टी आहे, ती मी कुणाला हात लावू देत नाही, बायकोलासुद्धा नाही. तिने एकदा त्या पट्टीने उंदीर हाकलला होता, त्यावरून आमच्यात चार दिवस अबोला होता.

तर त्या प्लायवूडच्या विमानात सूनबाई रोज संध्याकाळी तासभर बसायची आणि आमची ही स्वयंपाकघरातून कंट्रोल टॉवर व्हायची. सूनबाई इकडून म्हणायची, "उतरायची परवानगी द्या." ही तिकडून म्हणायची, "थांब, कुकर उतरवते, मग तू उतर." हसून हसून पुरेवाट व्हायची. पण बघता बघता ती पोरगी शिकली हो. हवामानाचा पेपर दुसऱ्या खेपेला सुटला, बाकीचे पहिल्यांदाच. लायसन्सला लागणारे उड्डाणाचे दोनशे तास भरत आले. आणि राहिलं एक मोठं उड्डाण.

हे काय असतं ते सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. धंद्याचं लायसन्स हवं असेल, म्हणजे लोकांना नाहीतर माल घेऊन पगारावर विमान चालवायचं असेल, तर एकदा एकटीने लांबचा प्रवास करून दाखवावा लागतो. किमान तीनशे सागरी मैल, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, थांबून, तिथला शिक्का घेऊन यायचं. तीनशे म्हणजे तीनशे. दोनशे नव्याण्णव चालत नाहीत. हा नियम ज्याने केला तो माणूस मला मनापासून आवडला होता.

त्याच सुमाराला तिला एक नोकरी सांगून आली. बेटांवर टपाल आणि औषधं नेणारी एक कंपनी होती, नऊ माणसांचं विमान. तिथल्या मुख्य वैमानिक बाईंनी सूनबाईला भेटून स्वच्छ सांगितलं, "एक तारखेला लायसन्स हातात असेल तर जागा तुझी. नसेल तर माझ्याकडे आणखी दोघं आहेत." त्या दिवसापासून सूनबाई चालताना जमिनीला पाय लावायची की नाही, शंकाच होती. घरात कुणाशीही बोलली तरी तिसऱ्या वाक्याला बेटं यायची. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या खुशीत माझ्या प्लायवूडचाही वाटा आहे असं मला वाटत होतं.

मोठ्या उड्डाणाच्या दिवशी सकाळी सगळी तयारी झालेली. रस्ता पंधरा दिवस आधी आखलेला, तिने मोजलेला, मास्तरांनी तपासलेला. आणि साडेसहाला फोन आला, की त्या वाटेवर ढग खाली उतरलेत, तिकडे जाता येणार नाही. विमान तर त्याच दिवसापुरतं मिळालेलं. क्लबाची दोन विमानं, त्यातलं एक दुसऱ्या दिवसापासून इंजिनाच्या कामाला महिनाभर आत जाणार होतं. सूनबाईने पटकन दुसरा रस्ता ठरवला. आधी गिरणीचं गाव, तिथून मिठागराचं गाव, आणि परत. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चिठ्ठीवर दोन गावांची नावं लिहिली आणि एका कानाला फोन लावून दोन्हीकडचं हवामान विचारता विचारता मला म्हणाली, "बाबा, हे तिन्ही टप्पे मोजता? नकाशावर एकशे अकरा सेंटिमीटर आणि वर एक मिलिमीटर म्हणजे तीनशे मैल, एवढं हवं. जास्त चालेल."

मला काय, गुदगुल्याच झाल्या. पट्टी आणली. दोन्ही गावं शोधली. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत, श्वास रोखून, तिन्ही टप्पे मोजले, दोनदा मोजले. बेरीज एकशे बारा सेंटिमीटर तीन मिलिमीटर. चिठ्ठीवर टप्प्याटप्प्याने लिहून दिली आणि म्हटलं, "जा, तीन मैल वरच आहेत." तिने चिठ्ठी खिशात घातली आणि पळाली. क्लबात मास्तरांना इतर चार विद्यार्थी घेरून होते. त्यांनी दिशा तपासल्या, इंधन तपासलं, अंतराचे आकडे माझ्या चिठ्ठीवरून उतरवलेले बघून म्हणाले, "काकांनी मोजलंय ना? मग झालं."

दुपारी चारला ती परत आली. चेहरा उन्हाने लाल, केस उभे, आणि हसू काही आवरत नव्हतं. दोन्ही शिक्के वहीत. आमच्या हिने केक केला होता तो मधोमध बसला होता, तरी आम्ही तो सगळा खाल्ला. सूनबाई सांगत होती, "सगळीकडे मिनिट-दीड मिनिट लवकर पोचले. वारा पाठीशी असणार." मुलगा म्हणाला, "वा." त्याच्याकडून हे म्हणजे भाषणच. गुरुवारी लायसन्सचा अर्ज द्यायचं ठरलं. एक तारखेला अजून अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मला घरात बसवेना. शेजारी निवृत्त पोस्टमन राहतो. मी नकाशा घेऊन त्याच्याकडे गेलो, मिरवायला, दुसरं काय. पट्टीही नेली. म्हटलं, "हे बघ, इथून इथे, इथून इथे, एकटी पोर." त्याने मिठागराच्या गावावर बोट ठेवलं. "इथे मी नऊ वर्षं टपाल वाटलंय. विमानतळ इथे कुठे आहे? गावात चौक आहे, शाळा आहे. विमानतळ अलीकडे आहे, बाहेर. सायकलने जाताना जीव जायचा."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस." आणि मग नीट वाकून पाहिलं. गावाच्या ठिपक्याच्या अलीकडे एक छोटं वर्तुळ, त्यात धावपट्टीची रेघ. सात मिलिमीटरवर. गिरणीच्या गावालाही तसंच, अलीकडेच.  मी तिथेच, पोस्टमनच्या टेबलावर, पुन्हा मोजलं. वर्तुळापासून वर्तुळापर्यंत. एकशे दहा सेंटिमीटर एक मिलिमीटर. म्हणजे मी मोजलं त्यापेक्षा बावीस मिलिमीटर कमी. दोनशे सत्त्याण्णव मैल आणि काहीतरी. अडीच मैल कमी पडले होते. पोस्टमन काहीतरी बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं. वारा पाठीशी नव्हता. जागाच जवळ होत्या.

माप माझं अचूक होतं हो. एक मिलिमीटर इकडचा तिकडे नव्हता. फक्त मी चुकीच्या जागेपासून मोजलं होतं. विमान गावाच्या चौकात उतरत नाही, एवढी साधी गोष्ट सत्तरीच्या माणसाला सुचली नाही.

आता खरं सांगतो, मी लगेच सांगितलं नाही. मंगळवार गेला, बुधवार उजाडला. मी मनाशी भांडत होतो. अडीच मैल म्हणजे काय? ती उतरायच्या आधी विमानतळावर एक घिरटी घालतेच, त्यात अडीच मैल सहज जात असतील. मास्तरांनी सही केलीय. दोन्ही शिक्के खरे आहेत. पोरगी उत्तम चालवते, अडीच मैलांनी ती काय जास्त शिकणार होती? आणि सांगितलं तर? एक विमान इंजिनाच्या कामाला गेलेलं, दुसऱ्यावर पाच आठवडे नंबर नाही. म्हणजे नोकरी गेली. आणि ती कुणामुळे गेली? माझ्यामुळे. तोंड बंद ठेवलं तर जगात कुणाला कळणार नव्हतं. पोस्टमनला काही समजलं नव्हतं, त्याला फक्त आपली सायकल आठवली होती.

बायकोला संशय आला. "जेवत का नाही?" मी म्हटलं, "भूक नाही." ती म्हणाली, "तुम्हाला भूक नाही म्हणजे काहीतरी भयंकर आहे." मी तिच्यावर डाफरलो. ती म्हणाली, "आता तर नक्कीच."

दिवसभर माझ्या डोक्यात एकच येत राहिलं. ते साधारणवालं गिऱ्हाईक, दारातून परत पाठवलेलं. साधारण तीनशे मैल. मला माझीच लाज वाटली, इतकी की मी आरशासमोरून जायचं टाळत होतो.

गुरुवारी सकाळी सूनबाई अर्जाचे कागद टेबलावर जुळवत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. गावाचा ठिपका, वर्तुळ, बावीस मिलिमीटर, सगळं. आणि हेही सांगितलं की मला सोमवारीच कळलं होतं.

 तिने नकाशा ओढला, स्वतःची पट्टी काढली, मोजलं. मग पुन्हा मोजलं. चेहरा पांढराफटक. तिने आपली उड्डाणांची वही उघडली. त्या वहीत खाडाखोड चालत नाही, रबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. तिने त्या उड्डाणापुढे "लायसन्ससाठी पात्र" असं लिहिलेलं होतं त्यावर रेघ मारली. सही केली. रेघ सरळ होती.

"कुणाला कळलं नसतं," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

"मला कळलंय ना आता," ती म्हणाली.

मग तिने कंपनीच्या बाईंना फोन केला. मी तिथेच होतो, उठायची हिंमत नव्हती. ती म्हणाली, "माझं मोठं उड्डाण अडीच मैल कमी भरलंय. मी मोजणी तपासली नाही, चूक माझी आहे. एक तारखेला लायसन्स नसेल." चूक माझी आहे, असं म्हणाली. माझं नाव काढलं नाही. पलीकडून काही बोलणं झालं. ती "हो" म्हणाली, "समजलं" म्हणाली, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कळवलंस हे बरं केलंस, पण मी थांबू शकत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, मला तुमचा फार राग आलाय. मोजण्याचा नाही. तीन दिवसांचा. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलू नका." आणि दार लावून कामावर गेली.

ती नोकरी गेली ती गेलीच. त्या दोघांतल्या एकाला मिळाली. सूनबाईने पाच आठवड्यांनी ते उड्डाण पुन्हा केलं, लायसन्स आलं, आणि दुसरी नोकरी मिळायला पुढे सात महिने लागले. तोवर ती त्याच काउंटरवर बसून दुसऱ्यांची उड्डाणं लिहीत होती. ते सात महिने माझ्या खाती आहेत, हे मला कुणी सांगायला नको. आता नऊ वर्षं ती उडते आहे, त्याबद्दल हवं तेवढं बोलेन. पण मला तो गुरुवारच आठवतो.

त्या दिवशी बायकोला सगळं कळलं. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. तिने फक्त माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "जेवा. सांगितलंत ना शेवटी." मी दोन घास खाल्ले.

संध्याकाळी सूनबाई आली. हातपाय धुतले, चहा घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. मग नकाशा घेऊन थेट मागच्या खोलीत, माझ्या कामाच्या बाकावर आली. मी रंधा पुसत बसलो होतो, तो तीन वेळा पुसून झाला होता. तिने नकाशा पसरला.

"नवा रस्ता आखलाय," ती म्हणाली. "मोजा."

"मी नाही," मी म्हटलं. "मास्तरांकडून मोजून घे."

"मास्तर मोजतील. मीही मोजणार. पण आधी तुम्ही."

"कशाला पण? एवढं होऊनसुद्धा?"

ती बाकावर टेकली. डोळे सुजलेले होते, दिवसभरात कुठेतरी रडून घेतलं असणार. "बाबा, पाच आठवड्यांनी मी वर एकटी असेन. खालून दिलेला आकडा खरा आहे की नाही, ही शंका मला तिथे नकोय. चूक सगळ्यांची होते. पण चुकलं तर समोर बसून, स्वतःच्या तोंडाने सांगणारं माणूस माझ्या ओळखीत फार नाही. उशिरा का होईना."

 मी पट्टी भिंतीवरून काढली, पुसली, नकाशावर ठेवली.  चव्वेचाळीस वर्षांत जे वाक्य मी कुठल्या मालकाला, कुठल्या गिऱ्हाइकाला, कुणालाही बोललो नव्हतो, ते मी माझ्या सुनेला म्हणालो.

"कुठून मोजू, ते तू दाखव."

तिने वर्तुळावर बोट ठेवलं. मी तिच्या नखाला पट्टी लावली आणि मोजायला सुरुवात केली.